हिलाल पैलवानाच्या नाकातला पुरावा

बोरी नदीच्या काठी धाबेपिंप्री म्हणून गाव आहे. तिथे जखम धुवायची पद्धत नाही. म्हणजे माणसं अंघोळ करतात, भांडी घासतात, ट्रॅक्टर तर नवरदेवासारखा चोळून काढतात. पण भांडणात झालेली जखम पंचांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत तिला पाणी नाही, हळद नाही, पट्टी नाही. जखमच बरी झाली तर तक्रार करायची कशाच्या जोरावर, असा साधा हिशेब. हिलाल पैलवानाच्या आजोबांनी मोडका हात पाच महिने तसाच लोंबता ठेवला होता, कारण पाच पंचांपैकी एक जण सुरतेला लेकीकडे जाऊन बसला होता. पंच परतले, निकाल आजोबांच्या बाजूने लागला आणि हात कायमचा उलटा जुळून आला. त्या उलट्या हाताने आजोबा पुढे चाळीस वर्षं पाठीमागे उभ्या असलेल्या माणसालाही न वळता थोबाडीत देत. हिलालने ती थोबाडीत लहानपणी सात वेळा खाल्ली होती आणि तिचा त्याला फार अभिमान होता.

अशा घराण्यातल्या माणसाच्या नाकात गाठ निघाली. मग काय होणार?

हिलाल चौपन्न वर्षांचा. जवानीत त्याने दंगली गाजवल्या होत्या. आता पोट सुटलं होतं, पण मान अजून बैलाची होती. तो रागावला की आधी कान हलत, मग समोरचा माणूस हलत असे. त्याचा चुलत भाऊ सुकदेव त्याच्याहून चार वर्षांनी धाकटा. अंगाने काटक, पण रोज बारा म्हशी हाताने पिळून त्याची बोटं अशी झाली होती की नारळ दोन तळव्यांत धरून तो बोलता बोलता फोडायचा, आणि फोडला हे त्याच्या लक्षातही येत नसे.

दोघांचं वैर पोळ्याचं. वेशीच्या तोरणाखालून पहिला बैल कोणाचा जाणार, हा मान थोरल्या घराचा की धाकट्याचा, यावर दोन पिढ्या डोकी फुटत आलेली. आता गावात बैल उरले अकरा आणि ट्रॅक्टर बेचाळीस, पण डोकी पूर्वीइतकीच होती. तीन वर्षांपूर्वीच्या पोळ्याला दोघांचे बैल एकाच वेळी तोरणापाशी आले. बैल बिचारे एकमेकांना चाटत उभे राहिले. धन्यांनी मात्र सुरुवात केली. हिलालने सुकदेवला कंबरेला धरून उचलला आणि वेशीवरून पलीकडे टाकला. तो भजेवाल्याच्या ताडपत्रीवर आपटून चेंडूसारखा परत आला, आणि येताना त्याच्या हातात शिवळ, म्हणजे जुवाची हातभर लाकडी खुंटी होती. ती त्याने हिलालच्या नाकावर घातली. हिलालने मग त्याचे पुढचे दोन दात पाडले. सुकदेवने ते जमिनीवरून वेचून काड्यापेटीत ठेवले आणि काड्यापेटी खिशात ठेवली. त्याचा पुरावा झाला. हिलालकडे नुसतंच रक्ताळलेलं नाक होतं, आणि नाक तर चार दिवसांत बरं होणार.

पण ते झालं नाही. डावी नाकपुडी चोंदली ती चोंदलीच. अधूनमधून रक्त येई. दोन महिन्यांनी रत्नाबाईने, म्हणजे हिलालच्या बायकोने, मोबाईलची बत्ती लावून आत पाहिलं आणि ती मागे सरली.

"माय वं. आत जांभूळ शे."

हिलालने आरसा मागवला. मान वाकडी करून पाहिलं. खरंच, काळपट लाल, ओली, मऊसर अशी एक गाठ आत बसलेली. दुसरा कोणी असता तर घाबरला असता. हिलालच्या चेहऱ्यावर मुलगा झाल्यासारखा आनंद पसरला.

"हाऊ पुरावा शे," तो म्हणाला. "सुक्यानी शिवळना."

त्या दिवसापासून गाठीची उस्तवार सुरू झाली. फौजदारी खटला तालुक्याच्या कोर्टात उभा होताच; शालिग्राम वकिलांनी गाठ बघितली, चष्मा काढून पुन्हा बघितली आणि सांगितलं की असा पक्का पुरावा त्यांच्या सबंध वकिलीत आला नव्हता. झालं. हिलाल रोज सकाळी पारावर बसून तोंडाने श्वास घेत गावाला बातमी द्यायचा: आज बोराएवढी शे, आज सुपारीएवढी शे. तिला धक्का लागू नये म्हणून तो कुशीवर झोपेना, वाकेना, शिंक आली तर दोन माणसं धरून उभा राही. कारण ती फुटली की रक्त असं यायचं, की एकदा गोठ्यात शिंकला तर पांढरी गाय संध्याकाळी घरच्यांना ओळखू आली नाही.

आणि नाकाला जो हात लावेल त्याची खैर नव्हती. पुना न्हावी मिशी कोरताना सवयीने नाकाचा शेंडा वर उचलायचा. त्याने तो उचलला, आणि त्याच क्षणी खुर्चीसकट पुना रस्त्यावर होता. वस्तरा समोरच्या कडुनिंबात रुतला तो आजही निघालेला नाही. मग रत्नाबाईने फसवून, लग्नाला जायचं सांगून, त्याला जळगावला एका फुकट तपासणीच्या शिबिरात नेलं. तिथे एक नवखा डॉक्टर होता. त्याने आत डोकावलं, "साधा मांसाचा कोंब आहे, आत्ताच काढून टाकू," म्हणाला आणि चिमट्याने कोंबाचा तुकडा धरून ओढला. पिचकारी मंडपाच्या छतापर्यंत गेली. हिलालने एका हाताने नाक दाबलं आणि दुसऱ्या हाताने मंडपाचा मधला खांब काढला. दीडशे माणसं कापडाखाली गेली. बाहेर काढली तेव्हा सगळ्यांत खाली तो डॉक्टर होता, हातात चिमटा तसाच.

"हात लावू नको," हिलाल परतीच्या एसटीत रत्नाबाईला बजावत होता. "तारीख बाकी शे."

"तारीख बाकी शे, पण तुम्ही बाकी ऱ्हाशात का ते देखा," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

तीन वर्षं अशी गेली. मग वकिलांनी सांगितलं की कोर्टाला कागद लागतो. गाठ शिवळीच्या मारानेच झाली, असं मोठ्या डॉक्टरचं प्रमाणपत्र आणा, सुकदेव आत गेलाच म्हणून समजा. म्हणून, आणि केवळ म्हणून, हिलाल धुळ्याला हेमांगी डॉक्टरणीकडे गेला. नाक-कान-घशाच्या त्या शल्यचिकित्सक. अंगाने एवढ्याशा, चाळिशीच्या, आवाज शाळेतल्या बाईंचा.

"केव्हापासून आहे हे?" त्यांनी विचारलं.

"तीन वर्षं. पोळ्याच्या दिवशी, दुपारी सव्वातीन."

"वेळसुद्धा आठवते?"

"एफआयआरमध्ये आहे."

बाईंनी वर पाहिलं. नाकात औषधाचा बोळा ठेवून सुन्न केलं आणि बारीक दुर्बीण आत घातली. समोरच्या पडद्यावर गाठ दिसली, कलिंगडाएवढी. हिलाल अभिमानाने रत्नाबाईकडे बघू लागला. बाईंनी दुर्बिणीच्या टोकाने गाठीला अगदी हलकेच टेकवलं. ती दबली आणि पुन्हा फुगली.

"हिचा तुकडा मी इथे काढणार नाही," बाई म्हणाल्या. "कोणी काढू म्हटलं तर पळून या. ही नुसती रक्ताची पिशवी आहे. आधी रंग टोचून स्कॅन करू."

स्कॅन झाला. संध्याकाळच्या आत बाईंनी फिल्म उजेडावर लावली आणि दोघांना बसवलं.

"आधी चांगलं सांगते. हा कर्करोग नाही. रक्तवाहिन्यांची गाठ आहे, नाकात अशी फार क्वचित होते. मी पंधरा वर्षांत चार पाहिल्या. स्वभावाने गरीब आहे, दुसरीकडे कुठे पसरत नाही. पण नाकात जागा ती किती? हे बघा. ही उजवी भिंत, सरळ. ही डावी, डोळ्याकडे फुगलेली. अजून वाढली तर डोळा पुढे ढकलेल. आणि नाकावर एखादा जोराचा ठोसा बसला, तर तुम्ही दवाखान्यात पोचाल की नाही सांगता येत नाही. काढायला हवी, आणि लवकर."

"काढायचं मग बघू," हिलाल म्हणाला. "आधी कागद द्या. शिवळीने झाली म्हणून."

"शिवळीने झालेली नाही."

बाईंनी फिल्मवर बोट ठेवलं.

"फटका बसला तर हाड तडकतं," बाई म्हणाल्या. "तुकडा सुटतो, कड तुटते. तुमचं हाड तुटलेलं नाही, वाकलंय. कुंभार मडक्याला आतून हात लावून फुगवतो, तसं आतून, सावकाश. असं वाकायला आठ-दहा वर्षं लागतात. तुमच्या शिवळीची खूण ही इथे, वरच्या हाडावर, केसाएवढी रेघ. ती केव्हाच भरून आली. भांडणाच्या आधीपासून गाठ आत होती, हिलालभाऊ. फटक्याने तिने पहिल्यांदा तोंड दाखवलं, एवढंच."

"मधल्या पोरीच्या लग्नात जावयाने ह्यांना मांडवाबाहेर झोपवलं होतं, घोरण्यापायी," रत्नाबाई हळूच म्हणाली. "त्याला सात वर्षं झाली."

हिलालचे कान हलले. तपासायची खुर्ची जमिनीला चार बोल्टांनी बसवलेली होती. त्याने ती बोल्टांसकट उपटली आणि डोक्यावर धरली. दारातला कंपाउंडर दार न उघडताच बाहेर गेला. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"खाली ठेवा ती," त्या म्हणाल्या. "आणि ठेवताना हळू. नाकाला झटका बसेल."

हिलालने खुर्ची हळू ठेवली. तीन वर्षांत त्याच्या गाठीची एवढी काळजी बायको सोडून कोणी केली नव्हती. पण फिल्म त्याने काखेत मारली, घरी येऊन गादीखाली घातली आणि रत्नाबाईला बजावलं की हे वकिलाच्या कानावर गेलं तर घरात चूल पेटणार नाही.

"तुमचा डोळा जाई," ती म्हणाली.

"डोळे दोन शेतस," तो म्हणाला.

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या आवारात उन्हाने डांबर मऊ झालं होतं. पुकारा व्हायला वेळ होता. हिलाल बाकावर ताठ बसला होता, नाक वर, शेजारी रत्नाबाई. समोरून सुकदेव आला, दोन दातांच्या खिंडीतून हसत.

"काय भाऊ, गाठ कशी शे? तीन वरीसनी व्हयनी ना. आते शाळामा घाल तिले."

आवारातले पाच-पन्नास पक्षकार हसले. स्टॅम्पवाला हसला. शालिग्राम वकीलसुद्धा फाइल तोंडाशी धरून हसले, ते हिलालने पाहिलं. एरवी त्याने ऐकून घेतलं असतं. पण गादीखाली ती फिल्म होती, आणि ती त्याला तीन आठवडे पाठीत टोचत होती. तो उठला. त्याच्याबरोबर बाकही उठला.

पहिला तडाखा बाकाचा. सुकदेव वाकला, बाक टंकलेखकाच्या टेबलावर पडला आणि मशीनची अक्षरं आवारभर उडाली; एका म्हातारीच्या कपाळावर 'क्ष' उमटला. सुकदेवने हिलालच्या पोटात डोकं घातलं. हिलालने त्याला मानेला धरून गरगर फिरवला, इतका की सुकदेवच्या चपला दोन वेगवेगळ्या तालुक्यांत सापडल्या. दोन हवालदार मध्ये पडले आणि गेले तसेच उडून बाहेर आले. वकिलांचा काळा कोट बाहीत फाटला. सुकदेवने जमिनीवरून हिलालच्या नडगीवर लाथ घातली, हिलाल खाली आला आणि खाली येता येता त्याने आपला जुना डाव टाकला: कपाळ मागे घेतलं आणि सगळ्या ताकदीने सुकदेवच्या टाळक्याच्या रोखाने आपटलं.

सुकदेव बाजूला सरकला होता. समोर होता दगडी खांब.

आवाज नारळासारखा आला. क्षणभर काहीच झालं नाही. मग हिलालच्या नाकातून रक्त आलं. ठिबकत आलं नाही. बोअरला पाणी लागल्यावर येतं तसं आलं. स्टॅम्पचा गठ्ठा भिजला, डांबर भिजलं, आणि जिथे उभा होता तिथेच हिलाल गुडघ्यावर बसला. तोंडातूनही रक्त येऊ लागलं. त्याने नाक धरलं, बोटांतून आलं. तो पहिल्यांदाच घाबरलेला दिसला, आणि ते बघून रत्नाबाई घाबरली.

तिने मोबाईल काढून बाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"त्यांना बसवा," फोनमधून आवाज आला. "डोकं मागे नाही, पुढे. तोंडात येईल ते थुंकू द्या, गिळू देऊ नका. आणि नाकाचा खालचा मऊ भाग दोन्ही बाजूंनी चिमटीत घट्ट धरा. बघायला म्हणूनही सोडायचं नाही. तसंच धरून माझ्याकडे आणा. मी रक्ताची सोय करते."

रत्नाबाईने धरलं. तिची बोटं रक्तावरून घसरली. हवालदाराने धरलं, हिलालने त्याला झटकून दिलं. त्याला वाटलं सगळे गाठ फोडायला आलेत. तेव्हा गर्दीतून एक हात आला. बारा म्हशींचा हात. दोन बोटांनी नाक धरलं, आणि रक्त थांबलं नाही तरी निम्म्यावर आलं.

"सोडू नको रे सुकदेवभाऊ," रत्नाबाई म्हणाली.

"नही सोडत," सुकदेव म्हणाला.

गावातल्या पंडितची पिकअप ढेपेची पोती भरून फाटकाशी उभी होती. पोत्यांवर हिलालला बसवलं, समोर सुकदेव, आणि गाडी धुळ्याच्या रस्त्याला लागली. आता हिलालच्या डोक्यातला विचार समजून घ्यायला हवा. आपलं नाक, त्यात आपला पुरावा, आणि तो आरोपीच्या मुठीत. त्याने दोन्ही हातांनी सुकदेवला मारायला सुरुवात केली.

सुकदेवने एक हात नाकावर ठेवला, दुसऱ्याने पोत्याची सुतळी धरली, आणि मार खाल्ला. वाटेतलं मुकटी गाव येईपर्यंत त्याच्या दोन बरगड्या गेल्या. पुढच्या पुलावर खांदा सुटला. तो नाक धरलेल्या हाताचा नव्हता म्हणून चाललं. फागण्याला डोळा बंद झाला. ढाब्यावर उभी माणसं बघत होती की पिकअपमध्ये एक रक्ताने माखलेला राक्षस दुसऱ्याला बडवतोय, आणि तो दुसरा त्याच्या नाकाला लोंबकळून म्हणतोय, "मार भो. पण थुक. गिळू नको. बाई म्हणनी ना, गिळू नको."

"सोड," हिलाल गुळण्या करत म्हणायचा.

"धुळे ऊ दे. मंग सोडसू."

फागण्याच्या पुढे हिलालचे ठोसे हलके झाले. ते सुकदेवला आवडलं नाही. त्याने नाक आणखी घट्ट धरलं आणि मुद्दाम म्हणाला, "बस, इतलाच दम?" हिलालने डोळे उघडले आणि आणखी एक मारली. दवाखान्याच्या दारात पोचले तेव्हा सुकदेवची बोटं उघडेनात. बाईंनी ती एकेक करून नाकावरून सोडवली.

बाईंनी नाकात मागून फुगा फुगवला, पुढून औषधाच्या पट्टीची गजभर घडी ठासली, रक्ताच्या बाटल्या लावल्या. तासाभरात हिलालच्या ओठांना रंग आला. बाई सहीचा कागद घेऊन पलंगाशी आल्या.

"फुगा हा काही इलाज नाही, नुसतं झाकण आहे. एरवी मी तुम्हाला आधी नाशिकला पाठवून गाठीला रक्त देणारी नळी आतून बुजवून घेतली असती. आता तेवढा वेळ नाही. उद्या सकाळी दुर्बिणीने नाकातूनच आत जाईन, ती नळी मागे गाठून बांधीन आणि गाठ मुळाच्या हाडासकट काढीन. चेहऱ्यावर एक चिरा नाही. सही करा."

"नही," हिलाल म्हणाला. नाक ठासलेलं असल्यामुळे आवाज विहिरीतून आला. "गाठ गई की खटला गया."

"फुगा काढल्यावर पुन्हा रक्त आलं तर तुम्ही जाल."

"मी गयू तर खुनना खटला व्हई. वकीलले विचारा."

रत्नाबाईने पितळी तांब्या उचलला आणि पलंगाच्या लोखंडी कठड्यावर असा आपटला की तांब्या चपटा झाला. शेजारच्या वॉर्डातल्या तीन रुग्णांनी आपलं दुखणं आवरतं घेतलं. पण हिलाल छताकडे बघत राहिला. गादीखालच्या फिल्मबद्दल ती त्याच्यासमोर एक शब्द बोलली नाही. या हट्टातून नवऱ्याने स्वतःच सुटायला हवं होतं.

दाराशी सुकदेव बसला होता. एक डोळा बंद, हात झोळीत, श्वास घेताना चेहरा वाकडा. तो भिंत धरून उठला, पलंगाशी आला.

"बाई, लिखी ल्या," तो म्हणाला. "गाठ मनी शे. मी शिवळ मारी, त्यामुळेच ती व्हयनी. मी कोर्टमा सांगसू. जेल व्हई तर होऊ द्या. आते काढा ती."

तीन वर्षं हिलाल या वाक्यासाठी तोंडाने श्वास घेत जगला होता. ते पारावर, भर गावासमोर ऐकायचं असं त्याचं स्वप्न होतं. आता ते कानावर पडलं, आणि जेवण वाढल्यावर भूक नसल्याचं कळावं तसं त्याला झालं.

मग त्याला चित्र दिसू लागलं. कोर्ट. जज. पेपरात बातमी. आणि मग पार, आणि पारावर सगळं गाव: सुकदेवच्या एका फटक्याने पैलवानाचं हाड वाकलं. एका. सुकदेवच्या. म्हशी पिळणाऱ्याच्या. ज्याला आपण वेशीवरून फेकला, त्याच्या हातची लिंबाएवढी गाठ आपण तीन वर्षं नाकात वागवली, असं पोरंसोरं पुढच्या पन्नास पोळ्यांना सांगत राहणार.

हिलालचे कान हलले.

सलाईनचा उभा दांडा त्याने बाटलीसकट उचलला. बाई बाजूला झाल्या, रत्नाबाई खाली बसली, सुकदेवला मात्र हलता आलं नाही. दांडा त्याच्या चांगल्या खांद्यावर बसला.

"खोटं बोलस?" विहिरीतून आवाज आला. "मनासमोर? तुनी शिवळमा इतला दम कोठे शे? हाड वाकाले दहा वरीस लागतस, दहा. तू एक लाकूड मारं, केसाएवढी रेघ उठनी, ती बी भरी गई. ही गाठ मनी शे. मना घरनं दूध-तूप खाईसन वाढेल शे. तुनं तिनामा काहीच नही. बाई, फिल्म दाखाडा याले."

"फिल्म तुमच्या गादीखाली आहे, असं वहिनी म्हणाल्या मघाशी दारात," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे कॉम्प्युटरवर आहे."

"मंग तठे दाखाडा. आणि कागद आना आठे. हाड वाकेल शे, तुटेल नही, असं लिखा. मोठा अक्षरमा."

त्याने सही केली. पेनाने कागद फाडला, खालची पुठ्ठ्याची पाटीही भोकली. सुकदेव भिंतीला टेकून दोन्ही खांदे धरून उभा होता. पडद्यावर त्याने ती वाकलेली भिंत पाहिली, बराच वेळ पाहिली.

"म्हणजे तीन वरीस मी उगा तारखा भऱ्यात?" तो म्हणाला.

"हां," हिलाल म्हणाला. "भर."

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. आत काय झालं ते भूल देणाऱ्या डॉक्टरने नंतर कॅन्टीनमध्ये सांगितलं आणि कॅन्टीनवाल्याने ते धुळे-जळगावभर केलं, म्हणून त्यातलं किती खरं धरायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. भूल असूनही हिलालने पहिल्या चिमट्याला मूठ वळली म्हणतात. गाठ भिंतीला अशी चिकटली होती की सोडायलाच तयार नाही. बाई आणि गाठ अडीच तास झुंजत होत्या. एकदा पडदा पूर्ण लाल झाला. बाईंनी दुर्बीण बाहेर काढून पुसली, पुन्हा आत घातली, रक्तातच चाचपत ती मागची नळी गाठली आणि तिच्यावर इवलासा चाप लावला. पडद्यावरचं लाल ओसरलं. मग गाठ मुळाच्या हाडासकट सुटून आली. डोळ्याची भिंत शाबूत होती. तीन बाटल्या रक्त गेलं, चार दिलं.

गाठ बरणीत तपासणीला गेली. शालिग्राम वकिलांनी फोन करून ती परत मागवून सीलबंद करायला सांगितलं, हिलालने फोन कानाला लावला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "वकीलसाहेब, ती घरची होती. खटला मागे घ्या," आणि वकील पुढे काय बोलतात ते न ऐकताच फोन रत्नाबाईकडे दिला. तपासणीत निघालं ते बाईंनी सांगितलं होतं तेच: रक्तवाहिन्यांची गाठ, निरुपद्रवी. मुळासकट आल्यामुळे पुन्हा होण्याची भीती थोडी, तरी सहा-सहा महिन्यांनी दुर्बिणीने बघायचं.

राहिली होती शस्त्रक्रियेनंतर नाकात पुन्हा ठासलेली पट्टी. ती चौथ्या दिवशी काढायची होती, आणि ज्याने कधी नाकातून ठासलेली पट्टी काढून घेतली आहे, त्याला पुढचं सांगावं लागणार नाही. बाईंनी ट्रे जवळ घेतला.

"आता थोडं दुखेल. कोणाचा तरी हात धरा."

रत्नाबाईच्या लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती. ती दोन पावलं मागे सरकली. सुकदेव शेजारच्याच खोलीत बरगड्या आवळून पडला होता. तो आपला बघायला आलेला, पलंगाच्या कडेला टेकलेला. हिलालचा हात चाचपडत गेला आणि त्याच्या हातावर पडला.

बाईंनी ओढायला सुरुवात केली. पट्टी येऊ लागली, येतच राहिली. इतकी की हिलालला वाटलं आता हिच्या मागोमाग मेंदू येणार, मग छाती, मग फागण्यापर्यंतचा सगळा रस्ता. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पाय ताठ झाले, आणि मूठ आवळत गेली. खोलीत कट्कन आवाज झाला.

बाईंचा हात थांबला.

"काय मोडलं?"

सुकदेवचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने मुठीबाहेर वाकडं आलेलं मधलं बोट दुसऱ्या हाताने झाकलं. पण हिलालच्या मुठीतून हात काढून घेतला नाही.

"काही नही," तो म्हणाला. "तुम्ही ओढा, बाई."